स्नेहसंमेलनाचं घोषवाक्य निवडताना या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत गॅदरिंगची गडबड सुरू होते. नाच ठरतात, ड्रेपरीवाल्याशी बोलणी होतात, मांडववाल्याला विसार जातो. घोषवाक्याची आठवण मात्र निमंत्रणपत्रिका छापायला टाकायच्या आदल्या संध्याकाळी होते. मग कुणीतरी मोबाईलवर शोधतं, ‘उत्तुंग भरारी, नवी उमेद’ असलं काहीतरी सापडतं, सगळे माना डोलावतात आणि ते फ्लेक्सवर जातं. संपूर्ण कार्यक्रमात मुलांच्या तोंडून मात्र ते एकदाही निघत नाही.

घोषवाक्य निवडताना माझी पहिली कसोटी हीच असते, की ते मुलांच्या तोंडी बसतं का? फ्लेक्सवर कसं दिसतं, पाहुण्यांना कसं वाटेल, हे प्रश्न त्यानंतरचे.

नाव, ब्रीद आणि घोषवाक्य यांची गल्लत

‘कलारंग’, ‘जल्लोष’ ही संमेलनाची नावं झाली. शाळेच्या बोधचिन्हाखाली असतं ते ब्रीदवाक्य, आणि ते कायमचं असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचं ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलं आहे. संमेलनाचं घोषवाक्य त्या एका वर्षापुरतं, त्या वर्षीच्या कार्यक्रमाबद्दल बोलणारं असावं. हा फरक सुरुवातीलाच समितीत स्पष्ट केला नाही, तर बैठकीत एक जण नाव सुचवतो, दुसरा ब्रीद सुचवतो आणि तास निघून जातो.

नामांची माळ

‘संस्कृतीचा सन्मान, कलेचा अभिमान, एकतेचे गान.’ वाचायला भारदस्त आहे, पण यात कुणी काहीच करत नाही, कारण क्रियापदच नाही. हेच वाक्य एखाद्या बँकेच्या वर्धापनदिनालाही चालेल आणि गणेश मंडळालाही. जे कुठेही चालतं ते तुमच्या शाळेचं होत नाही.

आता जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंतींवर आणि प्रभातफेऱ्यांत आपण सगळ्यांनीच वाचलेली, ऐकलेली वाक्यं बघा: ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’, ‘झाडे लावा, झाडे जगवा’, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’. तिन्हींत शब्द साधे आणि प्रत्येक अर्ध्यात एक क्रियापद. आणि मात्रा मोजून बघा. ह्रस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. ‘मुलगी’ चार, ‘शिकली’ चार, ‘प्रगती’ चार, ‘झाली’ चार. म्हणजे आठ आणि आठ. ‘झाडे लावा’ आठ, ‘झाडे जगवा’ आठ. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ तेच. सर्व शिक्षा अभियानाचं ‘सारे शिकूया, पुढे जाऊया’ मोजलं तर नऊ आणि नऊ निघतात. ही वाक्यं लहान मुलांच्या फेरीत इतकी सहज चालतात ती यामुळेच. दोन्ही अर्धे सारखे असले की पाऊल आणि शब्द एकत्र पडतात, पुढचा मुलगा पहिला अर्धा म्हणतो आणि मागची रांग आपसूक दुसरा उचलते.

तेव्हा मात्रा मोजायला अजिबात लाजू नका. त्यासाठी वृत्तशास्त्र यावं लागत नाही, टाळी पुरते. वाक्य म्हणत टाळ्या वाजवा. दुसऱ्या अर्ध्यात टाळी अडखळली तर तिथला शब्द बदला.

कार्यक्रम एकीकडे, वाक्य दुसरीकडे

घोषवाक्य आहे ‘विज्ञानाची कास धरू’ आणि मंचावर कोळीनृत्य, लेझीम, गोंधळ, शेवटी रिमिक्स. पालकांना काही खटकत नाही, कारण वाक्याकडे कुणाचं लक्षच नसतं. खरं नुकसान मुलांचं होतं. आपण जे नाचतोय त्याचा त्या वाक्याशी संबंध काय, हे त्यांना कळत नाही.

उपाय दोन आहेत. वेळ असेल तर आधी संकल्पना ठरवा, मग नाच. वेळ गेली असेल तर ठरलेल्या कार्यक्रमांची यादी समोर ठेवा आणि त्यात आधीच असलेला धागा शोधा. समजा निम्मे नाच लोककलेतले आहेत. मग ‘पाय थिरकले, गाव बोलले’ असं काहीतरी सुचू शकतं. मोजा, आठ आणि आठ. किंवा मुलांनी घरून जात्यावरच्या ओव्या गोळा करून आणल्या आहेत आणि त्यांवर एक नृत्य बसवलं आहे. तर ‘आजीची ओवी, नातीच्या ओठी’. दहा आणि दहा, शिवाय ओवी-ओठी कानाला गोड लागतं.

या दुसऱ्या वाक्यात एक खोट आहे आणि ती मुलांसमोर म्हटल्याशिवाय सापडणार नाही. पाचवीतला एखादा मुलगा लगेच विचारेल, “बाई, मग आम्ही?” त्याचं बरोबर आहे. ‘आजीची ओवी, आमच्या ओठी’ केलं की सगळी शाळा आत येते. मात्रांत किंचित फरक पडतो, पण म्हणताना ‘आमच्या’ ओढून घेता येतं. एवढ्यासाठी मुलांना बाहेर ठेवू नये. म्हणून पक्कं करण्याआधी वाक्य एका लहान आणि एका मोठ्या वर्गात म्हणून बघा. अर्थ सांगू नका, तो त्यांनाच विचारा.

उसनी वाक्यं आणि चुकीची नावं

जानेवारीत संमेलन असलं, त्यातही 12 तारखेच्या आसपास, की ‘उत्तिष्ठत जाग्रत प्राप्य वरान्निबोधत’ हमखास येतं आणि खाली छापलं जातं ‘स्वामी विवेकानंद’. विवेकानंदांनी ते घराघरात पोचवलं हे खरं, पण मूळ वचन कठोपनिषदातलं आहे. शाळेच्या फ्लेक्सवर चुकीचं नाव लागलं की मुलं तेच खरं धरून चालतात. व्हॉट्सॲपवर डॉ. बाबासाहेबांच्या, कलामांच्या नावाने फिरणाऱ्या वाक्यांचंही तेच. मूळ ग्रंथात सापडत नसेल तर ते वाक्यच घेऊ नका. निनावी छापणं हा उपाय नाही.

‘वसुधैव कुटुंबकम्’ सुंदर आहे, पण 2023 च्या जी-20 परिषदेच्या निमित्ताने ते इतक्या फलकांवर झळकलं की वाचणाऱ्याला आधी ती परिषद आठवते. गाण्याची ओळ घेतली तर मुलं पुढची ओळ म्हणू लागतात आणि तुमचा विषय तिथेच सुटतो. निवडणुकीच्या दिवसांत एखाद्या पक्षाच्या घोषणेसारखं वाटणारं वाक्यही टाळा. नंतर खुलासे करत बसावं लागतं.

उपदेश

‘मोबाईल सोडा, पुस्तक जोडा’ हे वर्षभर सांगा. संमेलन हा मुलांचा आनंदाचा दिवस आहे, त्या दिवशी तरी त्यांच्या डोक्यावर तंबी टांगू नये. मला हे मनापासून वाटतं.

छपाईत होणारा घात

इतकी मेहनत करून निवडलेलं वाक्य फ्लेक्सच्या दुकानात मोडतं. शिक्षक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतात, दुकानदार तो आपल्या जुन्या फॉन्टमध्ये चिकटवतो आणि जोडाक्षरं सुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते. सगळ्यात जास्त मार ‘ऱ्य’ला बसतो. ‘ताऱ्यांच्या’चं ‘तार्यांच्या’ होतं, रफार ‘य’च्या डोक्यावर चढतो आणि शब्दाचा उच्चारच बदलतो. त्यामुळे ‘तारे’, ‘वारे’, ‘किनारे’ यांची रूपं घोषवाक्यात असतील तर नमुना डोळ्यांत तेल घालून तपासा. मजकूर टाइप करून पाठवलात तरी सोबत कागदावर सुवाच्य लिहिलेला फोटो द्या, आणि छपाईआधी दुकानातून आलेला नमुना मराठीच्या शिक्षकांकडून अक्षर-अक्षर वाचून घ्या. ‘सांस्कृतीक’, ‘वार्षीक’, ‘दिपप्रज्वलन’ हे नेहमीचे यशस्वी घुसखोर. ‘सांस्कृतिक’, ‘वार्षिक’ आणि ‘दीपप्रज्वलन’ बरोबर.

आता काय करायचं?

पत्रिका छापून झाली आणि वाक्य फसलंय हे तेव्हा कळलं, तर पत्रिका पुन्हा छापू नका. प्रास्ताविकात दोन वाक्यांत त्याचा अर्थ मुलांकडूनच सांगून घ्या, एवढ्याने ते बरंच सावरतं.

मुलं म्हणत नसतील तर दोन्ही अर्धे उलटसुलट करून बघा. सोपा अर्धा नेहमी दुसरा ठेवा, कारण तोच सगळ्या मांडवाला म्हणायचा असतो. तरीही जमत नसेल तर एक शब्द काढा. बहुतेक वेळा विशेषण काढलं की काम होतं.

सूत्रसंचालकाला मात्र आवरा. दर नाचानंतर घोषवाक्य म्हटलं की तिसऱ्या वेळी लोक ऐकणं सोडतात. सुरुवातीला, मध्यंतरानंतर आणि शेवटी, बस्स.

समितीत दोन वाक्यांवरून ओढाताण झाली, आणि ती होतेच, तर सुचवणाऱ्यांची नावं न सांगता दोन्ही वाक्यं मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. मुख्याध्यापकांचं कुठलं आणि शिपाईकाकांचं कुठलं हे कुणाला कळता कामा नये. एका फेरीतच निकाल लागतो.

स्पर्धा घेऊन मुलांकडून वाक्यं मागवणार असाल तर फार चांगलं, पण निवडलेल्या वाक्यावर मोठ्यांनी हात फिरवताना जपा. शुद्धलेखन सुधारा, शब्द त्याचेच राहू द्या. आणि त्या मुलाचं किंवा मुलीचं नाव, इयत्ता आणि तुकडी पत्रिकेवर घोषवाक्याच्या खालीच छापा, मागच्या पानावरच्या आभारांच्या यादीत नको.