मशीन हँग होतंय? टास्क मॅनेजरमध्ये हात चालवण्याआधी या चुका टाळा

दहावी-बारावीचे निकाल लागले की मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर. त्यातच पीकविम्याची मुदत तोंडावर आलेली असते. आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या आम्हा लोकांना फोन येतो, "मालक, मशीन लई हँग व्हायलंय. काय काय चालू हाय ते सगळं बंद करून द्या."

सगळं बंद करा, इथंच गाडी चुकते. काय चालू आहे हे कोणी पाहिलेलं नसतं, बंद करायची घाई मात्र सगळ्यांना. खरं तर मेमरी कुठं जाते हे ज्या पडद्यावर दिसतं, तिथंच आपल्या मशीनमधली माहिती कोणाच्या हाती लागू शकते याचाही बराचसा माग लागतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय.

टक्केवारी बघून घाबरणं

मेमरी ७० टक्के दिसली की लोकांना वाटतं मशीन संपलं. आठ जीबीच्या मशीनवर ब्राउझर, वर्ड आणि प्रिंटरचं सॉफ्टवेअर उघडलं तर ७० टक्के होणारच. विकत घेतलेली मेमरी वापरली जातेय, एवढाच त्याचा अर्थ.

परफॉर्मन्सच्या पानावर मेमरीवर क्लिक करा आणि टक्के सोडून खालचे आकडे वाचा. 'इन यूज' म्हणजे प्रोग्रॅमनी खरोखर धरून ठेवलेली मेमरी. 'अव्हेलेबल' म्हणजे मागितली की लगेच देता येईल अशी. 'कॅश्ड' हा आकडा बहुतेकांना गोंधळात टाकतो. थोड्या वेळापूर्वी वापरलेल्या फाइल विंडोज मेमरीतच ठेवून देतं, कारण पुन्हा लागल्या तर डिस्कवर जावं लागत नाही. मोंढ्यात ओटा रिकामा असेल तर त्यावर पोती ठेवतातच. नव्या मालाची गाडी आली की ती बाजूला सरकवतात. कॅशचं तसंच आहे, आणि म्हणून तिचा मोठा भाग 'अव्हेलेबल'मध्येच धरलेला असतो. रिसोर्स मॉनिटर (विंडोजमधलाच, आणखी बारीक आकडे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून 'फ्री' पन्नास एमबीच राहिली म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांनी शेजारचा 'स्टँडबाय' आकडाही बघावा; ती ही कॅशच, मागितली की मोकळी होणारी.

मग तंगी ओळखायची कशी? चार जीबीचं मशीन घ्या. ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली मेमरी वजा जाता हाताशी ३.७ जीबी. त्यातली ३.४ वापरात, अव्हेलेबल फक्त ०.३, आणि 'कमिटेड'मध्ये ६.८ पैकी ६.२. म्हणजे प्रोग्रॅमनी मागून ठेवलंय सहा जीबीच्या वर आणि खरी मेमरी पावणेचारसुद्धा नाही. वरची भर पेजफाइलमधून, म्हणजे मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाइल वापरतं तिच्यातून निघते. अशा वेळी रिसोर्स मॉनिटरच्या मेमरीच्या पानावर 'हार्ड फॉल्ट्स'चा, म्हणजे मेमरीत नसलेली माहिती डिस्कवरून आणावी लागण्याचा, आलेख उड्या मारत असतो आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली असते. मशीन हँग होतं ते इथं. हे तिन्ही एकत्र दिसत नसतील तर दुखणं मेमरीचं नाही, दुसरीकडं शोधा.

रॅम क्लीनर

मेमरी (रॅम) साफ करून देतो म्हणणारं हे सॉफ्टवेअर टाकूच नका. हा प्रोग्रॅम एका बटणात 'दीड जीबी मोकळी केली' असं दाखवतो, कारण तो चालू प्रोग्रॅमची पानं (मेमरीतले छोटे तुकडे) मेमरीतून बाहेर ढकलतो. पुढच्या क्लिकला तीच पानं परत आणावी लागतात, त्यातली काही थेट डिस्कवरून. आकडा सुधारतो आणि काम मंदावतं. वर हा क्लीनर स्वतःच दिवसभर मागे चालू राहतो आणि मशीनवर काय काय आहे ते बघण्याची परवानगी घेऊन बसतो. मेमरीही गेली आणि खासगीपणाही.

क्रोमच्या वीस प्रोसेस बघून एकेक मारत बसणं

टास्क मॅनेजरमध्ये क्रोमचं नाव वीस-पंचवीस वेळा दिसतं म्हणून व्हायरस समजणारे भेटतात. प्रत्येक वेबसाइटसाठी वेगळी प्रोसेस (स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅमचा भाग), ही मुद्दाम केलेली रचना आहे. २०१८ साली स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाली. तिच्या आधाराने एका साइटला त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या साइटची माहिती चोरता येण्याची शक्यता होती. त्याच वर्षी आवृत्ती ६७ पासून क्रोमने डेस्कटॉपवर साइट वेगवेगळ्या ठेवणं सरसकट सुरू केलं. त्यासाठी साधारण १० ते १३ टक्के जास्त मेमरी लागते, असं गुगलनेच तेव्हा सांगितलं होतं. बँकेचं पान आणि शेजारच्या टॅबमधली फुकट पीडीएफवाली साइट एकमेकांपासून लांब राहावीत म्हणून हा खर्च आहे. तो मला पटतो.

मेमरी वाचवायची असेल तर क्रोममध्येच शिफ्ट-एस्केप दाबा. कोणतं टॅब, कोणतं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) किती खातंय ते नावासकट दिसतं. ओळखू न येणारं एक्स्टेन्शन काढून टाका; 'सगळ्या वेबसाइटवरची माहिती वाचण्याची' परवानगी त्याच्याकडे असेल तर आधी तेच काढा. सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली 'मेमरी सेव्हर' चालू करा. सिस्टिमखाली 'क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड अ‍ॅप चालू ठेवा' असा एक पर्याय आहे, तो बंद करा. एजमध्ये अशीच 'स्टार्टअप बूस्ट' नावाची कळ आहे.

नाव कळत नाही म्हणून सर्व्हिस बंद करणं

सर्व्हिस म्हणजे पडद्यावर न दिसता मागे चालणारा प्रोग्रॅम. 'सर्व्हिस होस्ट' हे नाव पन्नास वेळा दिसणं साहजिक आहे. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ या आवृत्तीपासून साडेतीन जीबीहून जास्त मेमरी असलेल्या मशीनवर विंडोज बहुतेक सर्व्हिस वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतं, म्हणजे एक पडली तर बाकीच्या पडत नाहीत. नावाशेजारचा बाण दाबा, आत कोण आहे ते लिहिलेलं असतं.

सेवा केंद्रात या चुकीचा फटका लगेच बसतो. कोणीतरी व्हिडिओ बघून रात्री 'नको असलेल्या सर्व्हिस' धडाधड डिसेबल करतं. सकाळी पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी म्हातारी माणसं दारात येऊन बसतात आणि आतून आवाज येतो, "अंगठाच घेईना झालंय!" मशीनची वायर काढून घाल, काच पूस, यूएसबी बदल. काही उपयोग नाही. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिसच रात्री बंद झालेली असते. अंगठ्याने होणारी आधारची प्रमाणीकरणं या सर्व्हिसशिवाय होत नाहीत: ती अंगठ्याचा ठसा तिथल्या तिथं सांकेतिक करून पुढं देते. वेबसाइट तिला आपल्याच मशीनवर ११,१०० ते ११,१२० या पोर्टांवर (मशीनमधल्या क्रमांक दिलेल्या दारांवर) शोधते. सर्व्हिस चालू नसेल किंवा अँटिव्हायरसने तो मार्ग अडवला असेल तर 'डिव्हाइस सापडलं नाही' असंच उत्तर येणार.

तेव्हा विंडोज आणि आर दाबून services.msc हे टाइप करण्याऐवजी (यात खोडसाळपणा करायला फार वाव आहे) आधी टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप अ‍ॅप्स'कडे जा. चॅटची अ‍ॅप, गाण्यांची अ‍ॅप, गेमचे लाँचर, प्रिंटर कंपनीचा 'शाई संपत आली' सांगणारा प्रोग्रॅम हे सगळं बिनधास्त डिसेबल करा. लागेल तेव्हा हाताने उघडता येतं. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, अँटिव्हायरस आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर यांना हात लावू नका.

एक सर्व्हिस मात्र अपवाद. 'सिसमेन', जुनं नाव सुपरफेच. लागतील असे प्रोग्रॅम ती आधीच मेमरीत आणून ठेवते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तिच्यामुळे डिस्क १०० टक्के राहत असेल तर ती थांबवून एक दिवस बघा. फरक पडला नाही तर पुन्हा चालू करा.

पेजफाइल बंद करणं

एसएसडीचं (न फिरणाऱ्या नव्या डिस्कचं) आयुष्य वाढावं म्हणून हा सल्ला फिरतो. चुकीचा आहे. पेजफाइल काढली की कमिटची (प्रोग्रॅमना मागता येणाऱ्या मेमरीची) मर्यादा खऱ्या मेमरीइतकीच उरते आणि मेमरी शिल्लक दिसत असतानाही प्रोग्रॅम 'आउट ऑफ मेमरी' म्हणत बंद पडतात. विंडोजला स्वतः सांभाळू द्या.

शट डाउनवर विसंबणं

"रोज रात्री बंद करतो हो," असं सांगणाऱ्याच्या मशीनवर सीपीयूच्या पानावरचा 'अप टाइम' (मशीन किती वेळ सलग चालू आहे तो आकडा) बघितला तर कित्येक दिवस निघतात. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर शट डाउन करताना उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर उतरवून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत वर येतात. एखादा ड्रायव्हर मेमरी गिळत असेल तर तोही तसाच परत येतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी 'रीस्टार्ट' करा. लाइट गेली आणि इन्व्हर्टरही बसला, तर ते रीस्टार्ट धरू नका. त्यात फाइल खराब व्हायची भीती जास्त.

हेरगिरी बंद करण्याच्या स्क्रिप्ट आणि खरी गळती

मायक्रोसॉफ्ट आपल्यावर नजर ठेवतं म्हणून अनोळखी माणसाने लिहिलेली स्क्रिप्ट अ‍ॅडमिनचे अधिकार देऊन चालवायची, हा मला सगळ्यात विचित्र व्यवहार वाटतो. त्यानंतर अपडेट अडतं, स्टोअर उघडत नाही, आणि फोन पुन्हा आम्हालाच.

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली 'डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक' आहे. तिथली 'ऑप्शनल' माहिती बंद करा. 'रिक्वायर्ड' माहिती होम आवृत्तीत बंद होत नाही, हे खरं आहे, आणि त्याबद्दल तक्रार करायला जागाही आहे. पण काय जातंय ते 'डायग्नॉस्टिक डेटा व्ह्यूअर'मध्ये बघता येतं. जाहिरातीची ओळख बंद करा. मायक्रोफोनच्या पानावर कोणत्या अ‍ॅपने शेवटचा कधी वापर केला त्याची यादी असते, ती वाचा.

एवढं झालं की अमेरिकेकडून नजर काढून स्वतःच्या डेस्कटॉपकडे वळा. केंद्रातल्या मशीनचं डाउनलोड फोल्डर उघडा: गावातल्या निम्म्या लोकांची आधार पीडीएफ तिथं पडलेली असतात. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्माचं साल, म्हणजे ओळखीच्या कोणालाही उघडता येईल असा. काम झालं की फाइल शिफ्ट-डिलीट करा. चालत असेल तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्या. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'छापलेले कागद जपून ठेवा' या पर्यायावर खूण असेल तर काढा. ग्राहकाचं लॉगिन क्रोमच्या गेस्ट खिडकीतच करा, म्हणजे पासवर्ड साठत नाही.

आता मागे चालणाऱ्यांत दोन नावं शोधा. पहिलं वनड्राइव्ह. नव्या मशीनवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं बऱ्याचदा आपोआप त्यात जोडली जातात. खातं मालकाचं, आणि तेच खातं पुतण्याच्या मोबाइलवरही चालू. म्हणजे डेस्कटॉपवर टाकलेला प्रत्येक दाखला त्याच्या खिशात. फुकटची ५ जीबी भरली की वर 'जागा संपली'चे इशारे. बॅकअप 'मॅनेज बॅकअप'मधून थांबवा. त्यानंतर डेस्कटॉप रिकामा दिसला तर आरडाओरड नको, फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात. तिथून हलवा, आणि ऑनलाइन रिसायकल बिनही रिकामा करा; नाहीतर त्या तिथं ३० दिवस राहतात.

दुसरं नाव एनीडेस्क किंवा तशा कोणत्याही रिमोट सॉफ्टवेअरचं. सॉफ्टवेअरचा दोष नाही, आम्हीही वापरतो. पण दुरुस्तीवाल्याने ते इन्स्टॉल करून कायमचा पासवर्ड घालून ठेवला असेल तर तुम्ही जेवायला गेल्यावरही त्याला आत येता येतं. काम झालं की ते काढून टाकायला सांगा, संकोच करू नका. फुकटात विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करून देणाऱ्याने त्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला लावला असेल, तर त्या मशीनवर बँकेचं काम करू नका.

जुनं मशीन तसंच विकणं

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुनी मशीनं आता भंगारात आणि हातोहात विक्रीला निघतायत. मेमरीतलं वीज गेली की पुसलं जातं. पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल (मशीन झोपवताना मेमरी जिथं उतरवली जाते ती) यांत मात्र त्या मेमरीचेच तुकडे डिस्कवर राहतात, उघडलेल्या कागदपत्रांसकट. नुसतं फोल्डर डिलीट करून भागत नाही. 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि सेटिंग बदलून 'क्लीन डेटा' चालू करा. मोठ्या फिरत्या डिस्कवर याला कित्येक तास लागू शकतात, म्हणून लाइट जायची वेळ बघून मगच लावा.