बाप्तिस्म्याच्या वहीत पूर्वज शोधताना या चुका टाळा

वसईतल्या एखाद्या चर्चची जुनी बाप्तिस्मा-वही समोर आली की माणूस आधी आडनाव हुडकतो. घोळ तिथेच सुरू होतो. लोपीस, डिमेलो, परेरा ही नावं पोर्तुगीज काळात बाप्तिस्म्याबरोबर आली; एकाच आळीतले दोन लोपीस एकमेकांचे कुणीही लागत नसतील. आईबाप, गाव आणि धर्मपिता-धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळासाठी उभे राहणारे, म्हणजे गॉडफादर-गॉडमदर) जुळले तरच नातं धरा. धर्मपित्याचं नाव तर कधीच सोडू नका. कोणत्या घराचा कुणाशी घरोबा होता, हे तिथेच कळतं.

तारखेने मला चांगलंच नाचवलं. पणजोबांच्या नोंदीत महिना होता ‘७ब्रो’. मी बिनधास्त जुलै लिहिला. त्यांच्या आईबापांचं लग्न आदल्या नोव्हेंबरातलं, म्हणजे पोर आठ महिन्यांतच आलं! घरात उगाच कुजबुज झाली. पुढे कळलं, पोर्तुगीजमध्ये सेते म्हणजे सात, आणि ७ब्रो म्हणजे सेतेंब्रो, आपला सप्टेंबर. तसंच ८ब्रो ऑक्टोबर, ९ब्रो नोव्हेंबर, १०ब्रो डिसेंबर. आणि ही तारीख बाप्तिस्म्याची असते. जन्माची तारीख लिहिली असेल तर ती नोंदीच्या मजकुरात सापडते.

मोबाइलवर फोटो काढताना समास कापू नका. १९०८ पासून लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतही करायचा नियम आला, आणि ती बहुतेक समासातच असते. लेक कुठल्या गावात दिली, हे त्या दोन बारीक ओळींत सापडतं. पानभर मजकूर टिपून नेमक्या त्याच ओळी मागे ठेवणारे मी पाहिलेत.

पहिला सापडलेला ‘आंतोन’ तुमचाच, असंही समजू नका. मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव द्यायचे. मृत्यूची वही बघितल्याशिवाय खूण करू नका.

चर्चमध्ये वही नसेल तर? वसई धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या हाताखालचा चर्चचा विभाग, १९९८ चा. त्याआधी हा भाग मुंबईकडे होता, आणि १९२८ पर्यंत दमणच्या धर्मप्रांतात. त्यामुळे जुन्या कागदांसाठी फक्त वसईच्या बिशप हाऊसचे खेटे घालून भागत नाही. १७३९ ला वसई मराठ्यांनी घेतली तेव्हा बरीच चर्चेस ओस पडली. त्याआधीची सलग वही मिळेल या आशेवर सुट्टी घालवू नका.

जाण्याआधी फादरना फोन करा. रविवारी तर मुळीच जाऊ नका.