आधी माप, मग कात्री: गिम्पवर फोटो तयार करताना

गिम्प म्हणजे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर. ते शिकायला आलेल्या मुलामुलींना मी क्रॉप टूल, म्हणजे फोटोचा नको तो भाग कापायची कात्री, लगेच दाखवत नाही. आधी विचारते, हा फोटो जाणार कुठे? फ्लेक्सवर, अल्बमात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर, की बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मवर? कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका लहान स्टुडिओत मी हेच काम करते, आणि माझं ठाम मत झालंय की क्रॉपमध्ये हाताचं काम थोडं, चौकशीच जास्त.

सॉफ्टवेअरच्या खर्चाची चिंता करू नका. बर्कलीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोघांनी १९९५ मध्ये गिम्पचं काम सुरू केलं. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हींवर चालतो आणि धंद्याच्या कामाला वापरला तरी पैसे द्यावे लागत नाहीत.

आता फ्लेक्स. आपल्या गावात वाढदिवस, तालमीचा कार्यक्रम, गणपती, कशालाही फ्लेक्स लागतो, त्यामुळे नवख्याच्या हातात हेच काम आधी पडतं. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे रंगाच्या तेवढ्या बारीक ठिपक्यांचा असतो. दहा फूट म्हणजे १२० इंच. अख्खा फोटो तेवढा रुंद छापला तर इंचाला तेहतीसेक पिक्सेल येतात. चौकातून बघणाऱ्याला ते चालतं. पण गिऱ्हाईक ग्रुप फोटो देतं आणि म्हणतं, "दादांचा तेवढा चेहरा घ्या की मोठा करून." त्या फोटोत दादांचा चेहरा असतो जेमतेम ४०० पिक्सेल रुंद. तो चार फुटांवर ताणला की इंचाला आठच पिक्सेल उरतात, आणि फोटो फुटतो. कुठलंही टूल नसलेला तपशील खरेपणाने परत आणू शकत नाही. म्हणून क्रॉप करण्याआधी उरणारे पिक्सेल मोजा आणि कमी पडत असतील तर तेव्हाच दुसरा फोटो मागा. मागताना सांगा, व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होऊन येतो.

इथेच एक गैरसमज काढून टाका. इमेज मेनूतल्या प्रिंट साइजमध्ये इंचाला ७२ पिक्सेलचे ३०० केले म्हणजे फोटो सुधारला असं होत नाही. पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त कागदावरचं माप बदलतं. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल धरा: चार बाय सहा इंचाला १२०० बाय १८००, आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या पासपोर्ट फोटोला ४१३ बाय ५३१.

परीक्षेच्या फॉर्मचं काम छोटं दिसतं, पण त्यात मुलांचं वर्ष अडकलेलं असतं, म्हणून मी ते फार जपून करते. बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या सूचनांत फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी असं माप असतं. तरी प्रत्येक जाहिरातीतली सूचना नव्याने वाचा. क्रॉप टूलच्या पर्यायांत फिक्स्डवर खूण करा, आस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) निवडा आणि २००:२३० लिहा. मग चौकट कितीही ओढली तरी प्रमाण हलत नाही. त्यानंतर स्केल इमेजने माप आणा. एक्स्पोर्ट करताना जेपीईजीच्या खिडकीत प्रीव्ह्यूवर खूण केली की फाइल किती केबीची होईल ते तिथेच दिसतं. क्वालिटीची पट्टी त्याप्रमाणे सरकवा. इतक्या लहान फोटोची फाइल कधीकधी २० केबीच्या खालीही जाते, तेव्हा क्वालिटी वाढवावी लागते.

माझ्या मनाजोगतं काम मात्र चपलांचं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ऑनलाइन विकणाऱ्यांना नीट फोटो लागतातच. अॅमेझॉनच्या मुख्य फोटोला पांढरीशुभ्र पार्श्वभूमी लागते, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५, आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला हवा. चौकोनी क्रॉप करताना घाईत चपलेचा कान किंवा गोंडा कापला जातो. कारागिराने वेणी घालण्यात घालवलेला वेळ आपण एका फटक्यात फेकून देतो, आणि मला ते बघवत नाही. कड पाथ टूलने आखा, तिचं सिलेक्शन करा आणि लेयर मास्क लावा, म्हणजे नको तो भाग पुसला न जाता नुसता झाकला जातो. खोडरबर वापरू नका, कारण मास्क असला तर चुकलेली कड परत आणता येते. रंगाचंही तसंच. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याचा तांबूस रंग ट्यूबलाइटखाली हिरवट दिसतो. फोटो काढताना शेजारी राखाडी पुठ्ठा ठेवा आणि लेव्हल्स या रंग-उजेड सुधारायच्या खिडकीतल्या मधल्या ड्रॉपरने त्याच्यावर टिचकी मारा. रंग खोटा दिसला तर चप्पल परत येते आणि नुकसान विकणाऱ्याचं होतं.

वाकडा फोटो क्रॉपच्या आधी सरळ करा. मेजर टूलने रंकाळ्याच्या पाण्याची रेघ किंवा देवळाच्या खांबाची कड मापा आणि स्ट्रेटन दाबा. फिरवल्यावर कोपरे रिकामे होतात, ते क्रॉपमध्ये जातात. क्रम उलटा केलात तर दोनदा कापावं लागतं. शार्पन, म्हणजे कडा ठळक करणं, सगळ्यात शेवटी, माप बदलून झाल्यावर.

मूळ फोटोला हात लावू नका. कामाची फाइल एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या प्रकारात सेव्ह करा, त्यात लेयर (एकावर एक ठेवलेले थर) आणि मास्क शाबूत राहतात. गिऱ्हाइकाला एक्स्पोर्ट केलेली जेपीईजी द्या. जेपीईजी उघडून बदल करून पुन्हा पुन्हा साठवली की दर वेळी थोडा तपशील जातो.

काम मागायला जाताना प्रमाणपत्रापेक्षा आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारीशेजारी दाखवा. एक चप्पल, गुजरीतल्या, म्हणजे आपल्या सराफ बाजारातल्या दागिन्यांपैकी एखादा चांदीचा, एक पासपोर्ट फोटो आणि एक जुना फाटका फोटो एवढं सुरुवातीला पुरे. चांदीचा दागिना जरूर ठेवा, कारण पांढऱ्यावर चकाकती कड टिकवणं अवघड असतं आणि जाणकार मालक आधी तेच बघतो. ज्यांचे चेहरे दाखवणार, त्यांची परवानगी घ्या.