सीसीटीव्हीची लेन्स किती एमएमची घ्यायची? आधी टेप काढा, मग बोलू

एमएम म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ, आकडा मोठा तेवढी चित्रात जागा कमी पण तिथलं मोठं दिसतं. ती अंतरावर ठरते, म्हणून आधी टेप शोधा. लांबवाली असेल तर उत्तम, नसेल तर दोरीला दर मीटरवर गाठ मारा, पण कॅमेरा जिथे लागणारे त्या भिंतीपासून ज्या जागेवरचा माणूस दिसायला हवाय तिथपर्यंतचं अंतर नीट मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. अंदाजपंचे नको. मी "असेल सहा-सात मीटर" म्हणून मोकळा झालो होतो, नंतर मोजलं तर अकरा निघालं, आणि त्या फरकाची किंमत गेटमधली सायकल गेली तेव्हा कळली. रेकॉर्डिंगमध्ये माणूस होता, टोपी होती, सायकलही होती, चेहऱ्याच्या जागी फक्त चार पुसट ठिपके.

अंतर लिहिलंत की त्याच्यासमोर लिहा की तिथे नक्की काय बघायचंय. "सगळं दिसलं पाहिजे" हे उत्तर चालणार नाही. कोणीतरी आलंय एवढंच कळायला हवं, की आलेला ओळखीतला आहे का ते कळायला हवं, की अनोळखी माणसाचा चेहरा दुसऱ्याला दाखवून "हाच तो" म्हणता यायला हवं? ही तीन वेगळी कामं आहेत आणि यासाठी चक्क आकडे ठरलेत. आयईसी ६२६७६-४ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत कोणीतरी आहे हे कळायला चित्रात दर मीटर रुंदीला २५ पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५० असं दिलंय. २५० म्हणजे चेहऱ्याच्या वाट्याला साधारण ४० पिक्सेल येतात, तेवढ्यात काम होतं, त्याच्या निम्म्यात बोंब.

आता गणित, घाबरू नका, शाळेतलंच आहे. सेन्सरची (कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी चिप) रुंदी गुणिले अंतर भागिले लेन्सचे एमएम, बास, तेवढ्या रुंदीची जागा चित्रात मावते. साध्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा १/२.८ इंची सेन्सर असतो, त्याची रुंदी साधारण ५.४ एमएम धरा. समजा अंतर १० मीटर. २.८ एमएमची लेन्स लावली तर १९ मीटर रुंद जागा दिसते, ४ ची लावली तर साडेतेरा, ६ ला ९ आणि ८ ला पावणेसात. २ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० पिक्सेल असतात, ते त्या मीटरांत वाटून टाका. २.८ ला मीटरमागे जेमतेम १०० येतात, ४ ला १४२, ६ ला २१३, आणि ८ ला कुठे २८४ होतात. म्हणजे दहा मीटरवरचा अनोळखी चेहरा हवा असेल तर २ मेगापिक्सेलला ८ एमएम लागते, ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतलात (आडवे २५६०) तर ६ वर भागतं. मेगापिक्सेल आणि लेन्स एकत्रच ठरवावे लागतात ते यामुळे, आणि लोक नेमके उलट करतात, खोक्यावरचा मेगापिक्सेलचा आकडा बघून घेतात आणि लेन्स जी आली ती.

गणित नको असेल तर माझी एक जुगाड पद्धत आहे, हसू नका, चालते. जाड पुठ्ठा घ्या, त्यात २७ सेंटीमीटर रुंद आणि १५ उंच असं भोक कापा, आणि कॅमेरा लागणारे तिथे स्टुलावर उभं राहून एक डोळा मिटून त्यातून बघा. ४ एमएमचं चित्र बघायचं तर पुठ्ठा डोळ्यापासून २० सेंटीमीटरवर धरा, ६ साठी ३०, ८ साठी ४०, १२ साठी हात ताणून ६०. एका एमएमला ५ सेंटीमीटर, असं लक्षात ठेवा. भोकातून जेवढं दिसतं साधारण तेवढंच कॅमेऱ्यात येणार (२.८ ला मात्र थोडं जास्त येतं, कारण एवढ्या रुंद लेन्स कडा वाकवून जास्तीचं आत ओढतात). घरातल्या सगळ्यांना एकदा त्यातून बघायला लावा, "अरे पण मग कोपरा नाही दिसत" ही भांडणं कॅमेरा लागायच्या आधीच उरकतात.

आणि हो, कोपरा नाही दिसत म्हणून परत २.८ कडे पळू नका. रुंद लेन्सचा मोह सगळ्यांना होतो कारण दुकानात स्क्रीनवर ते चित्र भारी दिसतं, एका कॅमेऱ्यात अख्खं अंगण. पण पिक्सेल तेवढेच, जागा दुप्पट, मग प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार. खोलीच्या आत, लिफ्टमध्ये, दाराच्या अगदी समोर, म्हणजे तीन-चार मीटरच्या आत २.८ झकास. त्यापुढे चेहरा हवा असेल तर एक रुंद कॅमेरा सगळं बघायला आणि एक अरुंद फक्त त्या एका जागेसाठी, जिथून आत येणाऱ्याला जावंच लागतं. लांबलचक पॅसेज असेल तर कॅमेरा आडवा करून चित्र उभं घ्यायची सोय आहे का तेवढं विचारा, नाहीतर अर्धं चित्र दोन्ही बाजूंच्या भिंतींचंच. आणि नंतर स्क्रीनवर झूम करू हा विचार सोडा, तो झूम फक्त ठिपके मोठे करतो, जे टिपलंच नाही ते कुठून आणणार.

अंतर नक्की ठरत नसेल किंवा पुढे जागा बदलायची शक्यता असेल तर व्हेरिफोकल (एमएम कमीजास्त करता येणारी लेन्स) घ्या, २.८ ते १२ वाली सहज मिळते, पैसे जास्त जातात पण जागेवर बसवून फिरवून ठरवता येतं. उंचावर लागणार असेल तर मोटरवाली घ्या, नाहीतर दरवेळी शिडी. बाकी ठिकाणी फिक्स लेन्सच बरी, हलणारा भाग नाही.

कॅमेरा आणि लेन्स वेगवेगळे घेणार असाल तरच हा परिच्छेद वाचा. लेन्स तुमच्या सेन्सरएवढ्या किंवा त्याहून मोठ्या सेन्सरसाठी बनवलेली हवी, लहानासाठीची लावलीत तर चित्राचे चारही कोपरे काळे. लेन्सवर किती मेगापिक्सेलसाठी आहे ते लिहिलेलं असतं, ते कॅमेऱ्यापेक्षा कमी नको. आणि माउंट (लेन्स कॅमेऱ्यावर बसायची जागा, सी आणि सीएस असे प्रकार) बघा, सी माउंटची लेन्स सीएस कॅमेऱ्यावर ५ एमएमची रिंग घालून बसते, पण सीएस लेन्स सी माउंटच्या कॅमेऱ्यावर बसली तरी फोकसच होत नाही, त्याला इलाज नाही.

रात्रीचं आता, कारण खरी गंमत तिथेच आहे. लेन्सवर एफ १.६, एफ २.० असं काहीतरी असतं, आकडा लहान तेवढा उजेड जास्त. फरक वाटतो त्यापेक्षा मोठा असतो, एफ १.० ची लेन्स एफ २.० च्या चौपट उजेड आत घेते, १.६ वाली दीडपटीच्या थोडी वर. पण फुकट काही नाही, आकडा जितका लहान तितका फोकसमध्ये राहणारा पट्टा कमी, म्हणजे गेट कडक दिसतं आणि गेटच्या अलीकडचा माणूस मऊ. लांब एमएमच्या लेन्सला हे जास्त जाणवतं. दुसरं म्हणजे इन्फ्रारेडच्या (आयआर, रात्री कॅमेरा स्वतः टाकतो तो डोळ्याला न दिसणारा) उजेडात फोकस जरासा सरकतो, म्हणून आयआर करेक्टेड लिहिलेली लेन्स घ्या आणि व्हेरिफोकल असेल तर फोकस अंधार पडल्यावर लावा. दुपारी आयरिस (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) मिटलेली असते तेव्हा सगळंच शार्प दिसतं, लावणारा माणूस खुश होऊन निघून जातो आणि रात्री तुम्ही धुकं बघत बसता. चित्राच्या कडेला छज्जा किंवा जवळची भिंत येत नाही ना तेही अंधारात बघा, कारण कॅमेऱ्याचाच आयआर तिच्यावर आपटून ती पांढरीफक होते आणि मागचं सगळं काळं. रुंद लेन्सला हा त्रास हमखास.

गाडीचा नंबर वाचायचाय? मग तो कॅमेरा वेगळाच काढा, चेहऱ्याच्या कॅमेऱ्याकडून ते काम करून घेऊ नका. लांब लेन्स लागते, ५ ते ५० वाली व्हेरिफोकल यासाठी बरेचजण वापरतात, शटर (एक चित्र टिपायला घेतलेला वेळ) १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावं लागतं नाहीतर चालत्या गाडीचा नंबर फासला जातो, आणि एवढं जलद शटर म्हटलं की रात्री उजेडाची सोय आलीच. नंबरप्लेटकडे जमेल तितकं समोरून बघा, ३० अंशांपेक्षा जास्त तिरकं गेलं की अक्षरं दबतात.

उंची शेवटी लिहितोय पण कागदावर वर लिहा. चार-पाच मीटरवर टांगलेला कॅमेरा कोणी तोडत नाही हे खरं, पण जवळ आलेल्याचं त्याला फक्त डोकं दिसतं, मग लेन्स कितीही एमएमची असो. चेहऱ्यासाठी अडीच ते तीन मीटर ठीक.

लावायच्या दिवशी घरातल्या एकाला टोपी घालून नेमक्या त्या मोजलेल्या जागेवर उभं करा, चालायला लावा, थांबून मान खाली घालायला लावा, आणि लाइव्ह चित्र नको, रेकॉर्ड झालेलं काढून बघा, कारण रेकॉर्डिंग बऱ्याचदा लाइव्हपेक्षा हलकं असतं. तेच रात्री परत. मनासारखं दिसलं की लेन्सचा स्क्रू आवळा आणि किती एमएमवर ठेवलीये ते रेकॉर्डरच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवा.