जुन्या मारुती ८००ला इंजेक्शन बसवताना लॅपटॉप सगळ्यात शेवटी उघडा

कार्बोरेटरवाल्या आठशेला पेट्रोल इंजेक्शन बसवायचं म्हटलं की बहुतेक जण पहिला प्रश्न ईसीयूचा, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा विचारतात. कोणता घेऊ, मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं याचा आकड्यांचा तक्ता) कुठे मिळेल? मी उलट्या टोकापासून सुरू करायला सांगते. आधी पेट्रोल, मग हवा, मग अर्थिंग. ही तीन कामं नीट झाली तर मॅपिंग सरळ होतं. त्यातलं एक जरी कच्चं राहिलं, तर रात्रभर आकडे बदलत बसलात तरी गाडी झटके मारणारच.

आमच्याकडे बाबांची १९९४ची आठशे आहे. तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, ७९६ सीसी. काम पुण्यात सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीत, उघड्या पार्किंगमध्ये चालतं. बेसमेंटमध्ये पेट्रोलच्या लाइनला हात लावू नका. वाफ जमिनीलगत साचते आणि एक ठिणगी पुरते. बॅटरीची निगेटिव्ह काढलेली आणि अग्निशामक हाताशी, एवढं झाल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

कार्बोरेटरला पेट्रोल पोचवणारा यांत्रिक पंप जेमतेम पाव बार दाब देतो. इंजेक्टरला साधारण तीन बार लागतो. म्हणजे इलेक्ट्रिक पंप आला, फिल्टर आला, प्रेशर रेग्युलेटर आला आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळीही आली. नाना पेठेत होज मागितली की दुकानदार विचारतो, "ताई, इंजेक्शनची की साधी?" इंजेक्शनचीच घ्या, आणि ती इथेनॉल चालणारी असल्याची खात्री करा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं आणि चिरतं. तीन बार दाबाखाली चिरलेली होज म्हणजे गरम सायलेन्सरवर पेट्रोलचा फवारा. क्लिपासुद्धा इंजेक्शनच्या, गोल पट्टीच्या घ्या. साध्या क्लिपांचे दाते होजमध्ये रुततात.

पंपाचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ईसीयूच्या ताब्यात द्या. चावी फिरवली की दोन सेकंद पंप चालावा आणि इंजिन बंद पडताच थांबावा. पंप थेट इग्निशनवर जोडला तर अपघातात इंजिन थांबलं तरी पेट्रोल वाहतच राहतं. जुना पंप काढल्यावर त्याची जागा प्लेट आणि गास्केट लावून बंद करायला विसरू नका, तिथून ऑइल येतं.

टाकीचा विचार फार थोडे जण करतात. कार्बोरेटरच्या वाटीत थोडा साठा असतो, त्यामुळे वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं तरी गाडी चालत राहते. इंजेक्शनमध्ये पंपाने क्षणभर हवा ओढली तरी दाब पडतो. टाकी पावभर असताना कात्रजच्या जुन्या घाटातली वळणं घ्या, लगेच कळेल. उपाय म्हणजे टाकीत पंपाभोवती वाटी असलेलं असेंब्ली, नाहीतर बाहेर छोटी सर्ज टँक, म्हणजे कायम भरलेली राहणारी मधली टाकी.

मॅनिफोल्डसाठी, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांसाठी, २००० नंतरच्या सहा व्हॉल्व्हच्या एमपीएफआय (कंपनीतूनच इंजेक्शन असलेल्या) आठशेचे भाग शोधा. बारा व्हॉल्व्हच्या इंजिनाचं मॅनिफोल्ड या हेडवर बसत नाही. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात फेरी मारायला हरकत नाही, पण तिथून इंजेक्टर आणलेत तर आधी स्वच्छ करून तिघांचा प्रवाह मोजून घ्या.

इंजेक्टरच्या मापाचं गणित सोपं आहे. पूर्ण थ्रॉटलवर एका अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण सव्वापाच सीसी पेट्रोल लागतं. चाळीस अश्वशक्ती धरली तर २१०, तिघांत वाटले तर ७० सीसी. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून ८८. इथेनॉलसाठी थोडं वाढवून शंभरच्या आसपास थांबा. "मोठा घे, पॉवर मिळेल" असा सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नका. मोठ्या इंजेक्टरला आयडलिंगवर इतका कमी वेळ उघडावं लागतं की फवारा दर वेळी वेगळा पडतो आणि गाडी सिग्नलला थरथरते.

पहिल्या टप्प्यात प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर तसाच राहू द्या, ईसीयूकडे फक्त पेट्रोल सोपवा. इंजिनाच्या फेऱ्यांचा सिग्नल कॉइलच्या निगेटिव्हवरून मिळतो, मात्र ईसीयूला तो थेट देऊ नका, तिथे मोठे व्होल्टेज उसळतात. योग्य सर्किटमधूनच न्या. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युम ॲडव्हान्सची (ओढीनुसार ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) नळी थ्रॉटलच्या पातीच्या वरच्या भोकालाच हवी. मॅनिफोल्डला जोडली तर आयडलिंगवरच टायमिंग पुढे पळतं. मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर (वरच्या तक्त्याच्या मॅपशी नावापुरतं साम्य), मात्र मॅनिफोल्डलाच. तीन सिलिंडरमुळे तिथला दाब फार हिंदकळतो, म्हणून त्याच्या नळीत बारीक भोकाचा अडथळा बसवा.

सेन्सरची अर्थ ईसीयूकडेच परत न्या. ईसीयूची मुख्य अर्थ इंजिन ब्लॉकवर एकाच, घासून चकाकवलेल्या जागी द्या. हार्नेस, म्हणजे ईसीयूच्या वायरींचा जुडगा, प्लगच्या वायरींपासून लांब ठेवा आणि रेझिस्टरवाले प्लग वापरा. तापमान वेडंवाकडं दिसणं, मध्येच मिसिंग येणं, यातलं पुष्कळसं इथेच मिटतं.

आता लॅपटॉप. धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर एक्झॉस्टच्या तिन्ही नळ्या एकत्र येतात त्याच्या पुढे, नळीच्या वरच्या अंगाला, टोक खाली ठेवून बसवा, म्हणजे पाणी साचणार नाही. मीटर लॅम्डामध्ये ठेवा. लॅम्डा १ म्हणजे हवा आणि पेट्रोल बरोबर हिशेबात, १च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त. साध्या पेट्रोलला हवा आणि पेट्रोलच्या वजनाचं १४.७ हे प्रमाण असतं, २० टक्के इथेनॉलला ते साडेतेराच्या आसपास येतं, पण लॅम्डा १ दोन्हीकडे १च. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंग ०.९५ ते १, सपाट रस्त्यावर १, पूर्ण थ्रॉटलला ०.८५ ते ०.८८. चढावर एक गिअर, एक वेग धरला की मॅपचा एकेक कप्पा शांतपणे भरता येतो. गाडी एकाने चालवायची, लॅपटॉप दुसऱ्याने धरायचा. माझ्याकडे हे काम भाचा करतो आणि "मावशी, तेवढाच पाय धर" असं म्हणत राहतो. थंड इंजिनाचे आकडे दुपारी ठरवू नका. डिसेंबरातल्या पहाटे, रात्रभर उभी राहिलेली गाडी चालू करून रोज थोडं थोडं बदला.

हे सगळं सुरू करण्याआधी संगम पुलाजवळच्या आरटीओत लेखी विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल चालत नाही. विमा कंपनीलाही कळवा. कार्बोरेटर, जुना पंप, मूळ मॅनिफोल्ड ऑइल लावून, चिठ्ठी चिकटवून डब्यात ठेवा. आणि पीयूसीला जाताना इंजिन चांगलं तापवूनच न्या, थंडीचं वाढीव पेट्रोल चालू असताना सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा वर जातो.