ओपनएसएसएल लागणारं पॅकेज बांधताय? या चुका टाळा

लिनक्सच्या उबुंटू 22.04 वर गेल्यावर अनेकांचे चालते प्रोग्राम एकाच तक्रारीवर अडले: लिबएसएसएल.एसओ.1.1 सापडत नाही. ओपनएसएसएल ही नेटवर्कवरचा डेटा एन्क्रिप्ट करणारी लायब्ररी, आणि लिबएसएसएल ही तिची फाइल. 22.04 मध्ये ओपनएसएसएल 3.0 आलं आणि 1.1.1 गेलं. डेबियनमध्ये हाच बदल 2023 साली, आवृत्ती 12 बरोबर झाला. यावर लोक दोन जुगाड करतात.

पहिला जुगाड म्हणजे 3 च्या फाइलला 1.1 नावाची सिमलिंक (दुसऱ्या नावाने त्याच फाइलकडे बोट दाखवणारा दुवा). तो चालतच नाही. लायब्ररीतल्या फंक्शनांच्या नावांवर आवृत्तीचा शिक्का असतो. प्रोग्रामला लायब्ररी जोडणाऱ्या लोडरला तो जुळला नाही की प्रोग्राम सुरूच होत नाही. हे एका अर्थी बरंच. दुसरा जुगाड चालतो, म्हणून जास्त वाईट: 20.04 मधलं जुनं डेब (पॅकेजची फाइल) उतरवून बसवायचं. 22.04 च्या रेपॉझिटरीत ते पॅकेज नाही, त्यामुळे अपग्रेड कितीही वेळा चालवा, त्याला हात लागणार नाही. मूळ प्रकल्पाने 1.1.1 साठी सर्वांना मिळणाऱ्या दुरुस्त्या 11 सप्टेंबर 2023 ला थांबवल्या. मीही एका सर्व्हरवर हे 'तात्पुरतं' म्हणून केलं होतं. पुढच्या वर्षी बघितलं तर तिथेच! सोर्स हाती असेल तर नव्या लायब्ररीवर पुन्हा बिल्ड करा. नसेल तर तो प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये कोंडा आणि बाहेरच्या नेटवर्कपासून तोडा.

डिपेंडन्सीचं नाव हाताने लिहिणं

पॅकेजला काय काय लागतं हे सांगणाऱ्या कंट्रोल फाइलमध्ये कुणीतरी 'लिबएसएसएल3' असं टाइप करून मोकळं होतं. मग उबुंटू 24.04 आणि डेबियन 13 येतात, तिथे पॅकेजचं नाव लिबएसएसएल3टी64. 2038 मध्ये 32 बिटांचा वेळेचा आकडा भरून जाईल, त्या अडचणीसाठी 32 बिट मशिनवर वेळेचा आकडा 64 बिटांचा केला, त्याची ही शेपटी. नेहमीच्या 64 बिट पीसीवर नवं पॅकेज जुनं नावही पुरवतं, म्हणून चूक दिसत नाही. 32 बिट एआरएमवर मात्र इन्स्टॉल अडतं. हे काम डीपीकेजी-शलिबडेप्स या साधनावर सोडा. ते बायनरी वाचून कोणती लायब्ररी, निदान कोणत्या आवृत्तीची, हे स्वतः भरतं. अट एवढीच की बिल्ड ज्या रिलीजसाठी, त्याच रिलीजच्या स्वच्छ वातावरणात झाला पाहिजे. प्रोग्राम चालू असताना डीएलओपनने उघडलेली लायब्ररी त्याला दिसत नाही. ती तेवढी हाताने लिहावी लागते.

लायब्ररी पोटात घेणं

'सगळीकडे चालावं' म्हणून ओपनएसएसएल स्टॅटिक लिंक करणं, म्हणजे तिची प्रत प्रोग्रामच्याच फाइलमध्ये घालणं, सोयीचं वाटतं. एप्रिल 2014 चं हार्टब्लीड, म्हणजे ओपनएसएसएलमधलं सुरक्षेचं भोक, आठवा. 1.0.1 पासून 1.0.1एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत ते भोक होतं. सिस्टीमची लायब्ररी वापरणाऱ्यांना एक पॅकेज बदलून सर्व्हिसेस रीस्टार्ट करायच्या होत्या. ज्यांनी प्रत पोटात घेतली होती त्यांना आधी 'कुठे कुठे आहे' हेच शोधावं लागलं. प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारं एलडीडी अशी प्रत दाखवत नाही. बायनरीत आवृत्तीची स्ट्रिंग शोधून पाहा. रीस्टार्टही विसरू नका. फाइल बदलली तरी चालू प्रोसेस मेमरीतली जुनी लायब्ररीच वापरते. नीडरीस्टार्ट हे साधन अशा प्रोसेस दाखवतं.

याच्याच जोडीची गफलत आवृत्तीचा आकडा वाचण्यात होते. डेबियन 7 ने हार्टब्लीडची दुरुस्ती 1.0.1ई मध्येच मागे आणून बसवली. आकडा जुना, भोक बुजलेलं. आकडा बघून घाबरायचं आणि स्वतःची 'नवी' प्रत पॅकेजमध्ये कोंबायची, हा उलटा कारभार आहे. आधी पॅकेजचा चेंजलॉग वाचा.

'अनसपोर्टेड' आलं की लेगसी चालू करणं

ओपनएसएसएल 3 मध्ये एमडी4, आरसी4 असे जुने अल्गोरिदम लेगसी प्रोव्हायडर या वेगळ्या, आपणहून चालू न होणाऱ्या भागात हलवले. नोड 17 (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) वर गेलेल्या वेबवाल्यांना 0308010सी ही 'अनसपोर्टेड' एरर पाठ असेल; त्यांचं बिल्डचं साधन फाइलींचे हॅश एमडी4 ने काढत होतं. सगळ्या सिस्टीमच्या कॉन्फिगमध्ये लेगसी चालू करणं म्हणजे एका खोलीची किल्ली हरवली म्हणून वाड्याचं दार सताड उघडणं. साधन अपग्रेड करा. अगदीच अडलं तर त्या एका प्रोसेसपुरतं चालू करा.

पॅकेजरने स्वतः हात घालणं

2006 मध्ये डेबियनच्या पॅकेजमध्ये ओपनएसएसएलच्या दोन ओळी कॉमेंट केल्या गेल्या, कारण मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅलग्राइंड त्यांवर कुरकुरत होतं. त्यांतली एक ओळ की बनवताना लागणाऱ्या रँडम आकड्यांच्या साठ्यात खरी भर घालत होती. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त 32,768 शक्यता. हे उघड झालं 13 मे 2008 ला. उबुंटूही त्यात सापडलं होतं. क्रिप्टोच्या कोडमधली वॉर्निंग दिसली तर पॅच मूळ प्रकल्पाकडे पाठवा आणि त्यांनी तो खरोखर स्वीकारेपर्यंत थांबा. मेलवर कुणी 'चालेल' म्हटलं, एवढ्यावर पॅकेज सोडू नका. त्या वेळी नुसत्या अपग्रेडने भागलं नाही. मधल्या काळात त्या मशिनांवर बनलेल्या एसएसएच की आणि सर्टिफिकेटं फेकून नव्याने बनवावी लागली.