क्लबचं सुरक्षा धोरण लिहिताय? या चुका टाळा

‘खेळाडूंच्या सुरक्षिततेची योग्य ती काळजी घेतली जाईल.’

क्लबच्या आरोग्य व सुरक्षा धोरणात हे वाक्य हमखास सापडतं, आणि पहिली चूकही तीच. काळजी घेतली जाईल, पण घेणार कोण? ‘तपासणी करण्यात येईल’, ‘उपाययोजना केल्या जातील’, ‘संबंधितांना कळवण्यात येईल’. पानंच्या पानं भरतात आणि कर्ता कुठेच नसतो. सगळं काम सरकारी मराठीतल्या त्या अदृश्य माणसावर सोडलेलं, आणि तो काही सरावाला येत नाही.

उपाय सोपा आहे. मसुदा हातात घ्या आणि प्रत्येक ‘जाईल’, ‘येईल’ खाली रेघ मारा. मग ती वाक्यं पुन्हा लिहा. ‘सरावाआधी मैदानाची तपासणी करण्यात येईल’ याऐवजी: ‘त्या दिवसाचा प्रशिक्षक सराव सुरू होण्याच्या १५ मिनिटं आधी मैदानाला फेरी मारतो. काच, खड्डा, सैल जाळी दिसली तर तेवढा भाग बंद ठेवतो आणि वहीत लिहितो.’ आता हे काम झालं की नाही, ते विचारता येतं.

इथे आणखी एक मेख आहे. क्लब स्वयंसेवकांवर चालतो, म्हणजे कुणी ना कुणी गैरहजर असणारच. प्रत्येक जबाबदारीपुढे ‘तो नसेल तर कोण’ हेही लिहा. मूळ मजकुरात फक्त पद ठेवा; नावं आणि फोन नंबर शेवटच्या वेगळ्या पानावर. सचिव बदलला की तेवढं पान बदलायचं.

हेतू चार पानं, व्यवस्था चार ओळी

धोरणाचे साधारण तीन भाग असतात: क्लबचा हेतू, कुणाची काय जबाबदारी आणि प्रत्यक्ष व्यवस्था. हेतूला अर्धं पान पुरतं, खाली अध्यक्षांची सही आणि तारीख. खरा जीव तिसऱ्या भागात असतो, आणि तोच भाग लिहिताना सगळे दमलेले असतात. म्हणून लिखाण उलट्या क्रमाने करा, व्यवस्थेपासून.

तेही टेबलाशी बसून नाही. दुसऱ्या क्लबचं धोरण उतरवून घेतलं की नाव बदलतं, पण ज्या क्लबाकडे तलावच नाही त्याच्या कागदात जीवरक्षकाची नेमणूक तशीच राहते. आधी वही घेऊन मैदानभर फिरा. उदाहरणार्थ, हलवता येणारे गोलपोस्ट. फुटबॉलचा पूर्ण मापाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. नीट न रोवलेली अशी चौकट, वरच्या दांड्याला मूल लोंबकळलं की पुढे कोसळते, आणि त्यात जीव गेलेले आहेत. खेळताना ती कशाने जखडायची, खेळ संपल्यावर कुठे साखळीने बांधायची आणि हे कुणी बघायचं, हे तुमच्या कागदात हवं. उतरवलेल्या धोरणात ते नसतं.

ऐन वेळी ठरवू, असं सोडू नका

ही चूक मला सगळ्यांत महागडी वाटते. डोक्याला मार लागलेला खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणतो, पालक मान डोलावतात, सामना अटीतटीचा असतो. अशा वेळी ‘प्रशिक्षक योग्य निर्णय घेईल’ एवढंच लिहिलेलं असेल, तर प्रशिक्षकाला एकटं पाडलंत. नियम आधीच पक्का करा: डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसल्याची नुसती शंका आली, तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत मैदानात नाही. त्यासाठी शुद्ध हरपायलाच हवी असं नाही. बहुतेकांची हरपतही नाही. गोंधळलेली नजर, तोल जाणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, उलटी अशी लक्षणं कागदावर लिहा. पुन्हा खेळण्याआधी डॉक्टरांची परवानगी. मग प्रशिक्षकाला वाद घालावा लागत नाही, तो कागदाकडे बोट दाखवतो.

विजेचंही तसंच. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा कमी अंतर असेल, म्हणजे वीज साधारण १० किलोमीटरच्या आत असेल, तर खेळ थांबवा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं सुरू करू नका. आसरा म्हणजे बंद इमारत किंवा धातूच्या छताची बंद गाडी. झाड नव्हे, आणि चारी बाजूंनी उघडा मंडपही नव्हे. खेळ थांबवायचा अधिकार एकाच माणसाकडे द्या आणि त्याच्याशी वाद नाही, असं लिहूनच टाका.

किल्ली कुणाकडे आहे?

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्क–फिनलंड फुटबॉल सामन्यात डेन्मार्कचा खेळाडू ख्रिश्चन एरिक्सन हृदय बंद पडून मैदानात कोसळला. जागेवरच सीपीआर (छातीवर जोरात दाब देत रक्ताभिसरण चालू ठेवणं) मिळाला, एईडीने (हृदयाला विजेचा झटका देणारं छोटं यंत्र) शॉक दिला गेला आणि तो वाचला. पुढच्या वर्षी तो पुन्हा स्पर्धात्मक सामने खेळू लागला. अर्थात तिथे मोठा वैद्यकीय ताफा हजर होता. क्लबाच्या मैदानावर तो नसतो, म्हणूनच आधीचं ठरवणं जास्त महत्त्वाचं. हृदय बंद पडल्यावर सीपीआर आणि शॉकविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. आणि आपला एईडी? कार्यालयात, कुलपाच्या आत, किल्ली सचिवांच्या घरी. त्याच्या पॅडना आणि बॅटरीला मुदत असते, हेही अनेकांच्या गावी नसतं.

म्हणून आणीबाणीचं एक स्वतंत्र पान करा आणि ते भिंतीवर लावा: फोन कुणी करायचा, मैदानाचा नेमका पत्ता काय, अँब्युलन्स कोणत्या फाटकातून येणार, त्याची साखळी कोण काढणार, रस्त्यावर कोण उभं राहणार. मग ते नव्या स्वयंसेवकाच्या हातात द्या आणि सरावाच्या वेळीच म्हणा, ‘समज, तो तिथे पडलाय.’ तो जिथे अडखळेल, तिथे पान दुरुस्त करा.

मुलांच्या आजारांची माहितीही अशीच कपाटात अडकते. दम्याचा पंप कुणाला लागतो, हे मैदानावरच्या प्रशिक्षकाला माहीत हवं; मात्र ती यादी ग्रुपवर टाकायची नाही.

कोरी नोंदवही

वर्षभरात एकही नोंद नाही म्हणून समित्या खूश होतात. मला उलट काळजी वाटते. बहुतेकदा लोक लिहीत नाहीत, कारण लिहिणं म्हणजे कुणाची तरी तक्रार, असं वाटतं. दोन ओळींचा नमुना ठेवा, ‘चूक कुणाची’ हा रकाना काढून टाका आणि थोडक्यात टळलेले प्रसंगही मागा. चेंडू बाकावर बसलेल्यांच्या डोक्यावरून गेला, एवढंही पुरे. समितीच्या प्रत्येक बैठकीत ही वही पहिल्या पाच मिनिटांत उघडली गेली, तर लोक लिहू लागतात.

राहिला फेरआढावा. वर्षातून एकदा तर कराच. शिवाय अपघातानंतर, मैदान बदललं तर आणि नवा खेळ सुरू केला तरीही. प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख टाका, आणि नवी प्रत लावताना जुनी भिंतीवरून काढायला कुणी जायचं, त्याचंही पद लिहा.